आपण दिवसाला नेमके किती खातो?

"तुमचं जेवण किती?" हा प्रश्न डॉक्टरला दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी विचारावा लागतो. उत्तर बहुधा ठरलेले असते. "काई नाई डॉक्टरसाहेब, दोन पोया अन् थोडीशी भाजी." उत्तर देणाऱ्या बाईंचे वजन ८२ किलो असले तरी दोन पोळ्या, आणि ३८ किलो असले तरी दोनच पोळ्या! जुने शहरातील माझ्या दवाखान्यात हे उत्तर मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. ही मंडळी खोटे बोलतात असे कोणी समजू नये. आपण दिवसभरात काय काय खाल्ले याचा हिशेब तोंडी सांगणे कोणालाच जमत नाही, डॉक्टरांनाही नाही.

एका वाचकांनी विचारले आहे, "मला १५०० उष्मांकांचा आहार घ्यायला सांगितले आहे. पण आज मी किती उष्मांक खातो हेच मला ठाऊक नाही. ते कसे कळावे?" प्रश्न मोठा मार्मिक आहे. उतरायचे कुठून हे माहीत नसेल तर किती पायऱ्या उतरायच्या हे सांगून काय उपयोग? आजचा लेख त्यासाठीच.

उष्मांक म्हणजे कॅलरी, अन्नातून मिळणाऱ्या शक्तीचे माप. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून सुमारे ४, एक ग्रॅम प्रथिनांतून ४ आणि एक ग्रॅम तेला-तुपातून ९ उष्मांक मिळतात. अमेरिकेतील ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या प्रयोगांतून हे आकडे आले आणि आजही तेच वापरले जातात. आपल्या अन्नधान्याचे कोष्टक हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तयार केलेले आहे. त्यानुसार १०० ग्रॅम ज्वारी, गहू, तांदूळ किंवा तूरडाळ यांतून साधारण ३३५ ते ३५० उष्मांक मिळतात. साखरेचे ४०० च्या जवळपास, शेंगदाण्याचे ५६७ आणि तेलाचे ९००. एवढे चार-पाच आकडे पाठ असले तरी घरचा हिशेब मांडता येतो.

गरज किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली दिलेल्या आकड्यांनुसार ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २११० आणि ५५ किलोच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीला १६६० उष्मांक लागतात. कष्टाचे काम असेल तर हेच आकडे ३४७० आणि २७२० वर जातात. गांधी रोडवरचा दुकानदार आणि शेतात डवरणी करणारा मजूर यांच्या गरजेत दीडपटीहून अधिक फरक आहे, हे लक्षात ठेवावे.

"दोन पोळ्यां"चा हिशेब

आता आपल्या "दोन पोया अन् थोडीशी भाजी" या जेवणाचा हिशेब करू. मध्यम पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते. तिचे १०० आणि वरून लावलेल्या तेलाचे २०, मिळून १२०. दोन्ही वेळच्या चार पोळ्यांचे झाले ४८०. दोन वाट्या वरणाचे १७०, मूठभर तांदळाच्या भाताचे १४०, दोन वेळच्या भाजीचे, नुसत्या भाजीचे, ७०. बेरीज ८६०. एवढ्यावर मोठे माणूस जगेल, पण त्याचे वजन महिन्या-महिन्याला उतरत जाईल. समोर बसलेल्या बाईंचे तर पाच वर्षांत एक किलोही उतरलेले नसते.

मग राहिले कुठे? पहिले राहिले ते फोडणीत. आपल्या वऱ्हाडात भाजीवर तर्री दिसली नाही तर भाजी झाली असे कोणी मानत नाही. पाच माणसांच्या घरात १५ किलोचा तेलाचा डबा दोन महिन्यांत संपत असेल, तर माणशी रोजचे ५० ग्रॅम तेल झाले, म्हणजे ४५० उष्मांक. पोळ्यांना लावलेले तेल आपण आधीच धरले आहे. ते वजा करून ३७० धरू. दुसरे राहिले ते चहात. अर्धा कप म्हशीचे दूध आणि त्यात दोन लहान चमचे साखर असली की ८० उष्मांक होतात. आल्या-गेल्याबरोबरचे मिळून चार कप झाले तर ३२०. चहाला जेवण कोण म्हणतो? सकाळचे शेंगदाणे घातलेले पोहे, तेल सोडून, २३०. संध्याकाळी तोंडात टाकलेला दुकानातला मूठभर चिवडा १५०, जेवताना ताटात डावीकडे वाढलेली शेंगदाण्याची चटणी ८५. ही न सांगितलेली बेरीज ११५५ होते. सांगितलेले ८६० तिच्यात मिळवले की २०१५. निम्म्याहून अधिक अन्न हिशेबाबाहेर राहिले होते.

हे वऱ्हाडातच घडते असे नाही. न्यूयॉर्कमध्ये झालेला आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वैद्यकशास्त्रात गाजला. "आम्ही अगदी कमी खातो, तरी वजन उतरत नाही" असे सांगणाऱ्या दहा स्थूल व्यक्तींची तपासणी झाली. त्यांनी लिहून दिलेला आहार सरासरी १०२८ उष्मांकांचा होता. मोजणीत तो २०८१ निघाला. शरीरात काही बिघाड असेल आणि थोड्या अन्नावरही वजन राहत असेल, अशी त्यांची खात्री होती. तसा बिघाड सापडला नाही. शिवाय आपण किती हालचाल करतो हेही त्यांनी जवळजवळ दीडपट फुगवून सांगितले होते.

ही मोजणी झाली कशी, हे सांगण्यासारखे आहे. व्यक्तीला विशिष्ट पाणी प्यायला देतात. त्यातील हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा जड प्रकारचे असतात, पण शरीराला अपाय करत नाहीत. जड हायड्रोजन फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो. जड ऑक्सिजन मात्र पाण्यावाटे आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड वायूवाटे, असा दोन्ही मार्गांनी जातो. एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासले की दोहोंच्या वेगातील फरकावरून किती वायू बाहेर पडला, म्हणजेच शरीराने किती शक्ती खर्च केली, हे कळते. वजन स्थिर असेल तर जेवढा खर्च तेवढीच आवक. या पद्धतीत माणसाला काहीच विचारावे लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. खर्च मात्र फार येतो, म्हणून ती संशोधनापुरतीच आहे.

सरकारला कसे कळते?

देशातील माणसे किती खातात हे सरकारलाही जाणून घ्यावे लागते, आणि त्यावर फार मोठे निर्णय अवलंबून असतात. या विषयात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात माणशी रोज २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ज्या कुटुंबाला परवडत नाही ते गरीब, अशी कसोटी लावली होती. पुढे १९७९ मध्ये नियोजन मंडळाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० उष्मांक हा आधार धरला. दारिद्र्यरेषा, दारिद्र्यरेषेखालील यादी, पिवळे कार्ड हे शब्द ज्यांनी तहसील कचेरीत रांग लावून ऐकले, त्यांच्या रांगेच्या मुळाशी हा उष्मांकांचा आकडा होता. २००९ मध्ये तेंडुलकर समितीने केवळ उष्मांकांवर रेषा बेतणे सोडून दिले.

या कसोटीला आव्हान देणारेही मराठीच होते. सातारा जिल्ह्यात जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे हे जगद्विख्यात संख्याशास्त्रज्ञ. रोम येथील जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे ते १९५१ पासून वीस वर्षे प्रमुख होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, तोच माणूस, तेच काम करीत असताना, एके दिवशी १९०० उष्मांक खातो आणि दुसऱ्या दिवशी २६००. हा चढउतार शरीर सांभाळून घेते. तेव्हा सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी आहे असे मोजणे बरोबर नाही. त्यांच्या पद्धतीने मोजले की उपाशी माणसांची संख्या बरीच कमी भरे, आणि त्यावरून दांडेकर-सुखात्मे वाद १९८०च्या दशकात चांगलाच रंगला. त्या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही. पण रोजच्या चढउताराचा सुखात्म्यांचा मुद्दा मला दवाखान्यात रोज उपयोगी पडतो. त्याचे पुढे सांगतोच. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते हे मात्र मी सबुरीने घेतो. जुळवून घेतलेले शरीर खुरटते, लवकर थकते, आजारातून उशिरा उठते. ते आम्ही तपासणीच्या टेबलावर पाहतो.

मोजणीच्या दोन पद्धती आपल्याकडे रूढ झाल्या. राष्ट्रीय नमुना पाहणीची माणसे घरी येऊन गेल्या महिन्यात किती ज्वारी, डाळ, तेल, साखर लागली हे विचारतात, त्याला कोष्टकाने गुणतात आणि माणसांनी भागतात. राष्ट्रीय पोषण संनियंत्रण कार्यालय १९७२ मध्ये सुरू झाले आणि २०१५ पर्यंत चालले. त्याची माणसे ठराविक मापाच्या वाट्या घेऊन येत आणि गृहिणीला विचारीत, "काल प्रत्येकाला यातल्या कोणत्या वाटीने किती वाढलं?"

पहिल्या पद्धतीत गंमत अशी की, घरी लग्न झाले असेल तर त्या महिन्यात यजमानांनी चार पोती गहू खाल्ला असे दिसते. पंगतीतून उठून गेलेल्या पाहुण्यांनी मात्र काहीच खाल्लेले नसते. मालकाच्या घरी जेवणाऱ्या सालदाराची भाकर मालकाच्या नावावर लागते. म्हणून सधनाचा आहार फुगतो आणि गरिबाचा आकसतो. तज्ज्ञ मंडळी पुढे यासाठी दुरुस्ती करतात, पण बाहेर खाल्लेली कचोरी आणि आलुबोंडा किती लोक आठवून सांगत असतील?

या पाहण्यांतून एक कोडे पुढे आले. ग्रामीण भारतात माणशी रोजचे उष्मांक १९७२-७३ मध्ये २२६६ होते, १९९३-९४ मध्ये २१५३ झाले आणि २००४-०५ मध्ये २०४७ वर आले. लोकांचे उत्पन्न वाढत असताना खाणे कमी कसे झाले? ॲन्गस डीटन आणि ज्याँ द्रेझ या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये यावर लिहिले. कष्ट कमी झाले, आजारपणाची परिस्थिती सुधारली, म्हणून शक्तीची गरज घटली असावी असा त्यांचा एक तर्क होता. जात्याऐवजी गिरणी, मोटेऐवजी मोटारपंप, पायी बाजाराऐवजी फटफटी हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे तर्क पटतो. २०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण आकडा २२३३ आणि शहरी २२५० निघाला. तथापि त्या वेळी माहिती घेण्याची पद्धत बदलली होती. जुन्या-नव्या आकड्यांची थेट तुलना करून "खाणे वाढले" असे म्हणता येत नाही.

सरासरीचा एक दोष मात्र कोणत्याही दुरुस्तीने जात नाही. घराला धान्य किती आले हे कळले, तरी घरातल्या कोणाच्या ताटात किती पडले हे कळत नाही. हंगामात कापूस वेचायला जाणाऱ्या बायकांकडे पाहा. पहाटे उठून घरच्यांच्या भाकरी थापायच्या, फडक्यात एक भाकर आणि ठेचा बांधून निघायचे, दिवसभर वाकून वेचणी करायची आणि रात्री सर्वांचे झाल्यावर टोपल्यात जे उरेल ते खायचे. पाहुणा आला तर त्यातूनही जाते. "घरात खायला कमी आहे का?" असे विचारले की, "नाई जी, भरपूर हाये," हे उत्तर येते, आणि ते घराच्या बाबतीत खरेही असते. बाईचे वजन मात्र ३८ किलो आणि हिमोग्लोबिन सात. अशा घरी मी सासूबाईंनाच बोलावून सांगतो की, आठ दिवस सुनेचे ताट आधी वाढा आणि तिने किती भाकरी खाल्ल्या ते मोजून मला सांगा. मोजायला सांगितले की खाणे वाढते, असा अनुभव आहे.

घरी कसे मोजावे?

हल्ली मोबाईलवर ॲप निघाली आहेत. त्यांत "एक चपाती" एवढे लिहिले की आकडा येतो. पण कोणाची चपाती? तुमच्या घरची पोळी किती ग्रॅमची हे त्या ॲपला कसे ठाऊक असणार? त्यापेक्षा एकदाच एक किलो कणीक मोजून घ्या आणि तिच्या किती पोळ्या होतात ते पाहा. बत्तीस झाल्या तर एका पोळीला साधारण ३० ग्रॅम. ज्वारीच्या पिठाचेही असेच करा. आपल्याकडच्या परातभर भाकरीला ९० ग्रॅम पीठ सहज लागते, म्हणजे ३१० उष्मांक. "मधुमेहाला ज्वारी चांगली" असे ऐकून दोन पोळ्यांऐवजी दोन भाकरी खाणारे पुष्कळ भेटतात. ज्वारी चांगलीच आहे, पण त्यांचे पीठ तिप्पट झालेले असते.

तेल, साखर, गूळ, शेंगदाणे आणि तूप यांचा हिशेब ताटावरून करू नका, तो किराण्यावरून करा. पहिल्या तारखेला डब्यात किती आहे ते लिहा, महिनाभरात किती आणले ते लिहा, शेवटी उरलेले वजा करा. जेवणाऱ्या माणसांनी आणि दिवसांनी भागा. लहान मुलाला अर्धे माणूस धरा. दिवाळीचा आणि लग्नसराईचा महिना यासाठी घेऊ नका. बैठे काम करणाऱ्याला माणशी रोज २० ते ३० ग्रॅम तेल-तूप पुरते. भागाकार ५० आला तर काय कमी करायचे हे विचारायला डॉक्टरकडे यायची गरज नाही.

बाकीचे खाणे तीन दिवस लिहून काढा, आणि ते खाल्ल्याबरोबर लिहा. रात्री आठवून लिहिले की चिवडा गळतो. एकाच दिवसाचे लिहिणे उपयोगाचे नाही, कारण सुखात्म्यांनी सांगितलेला चढउतार. तीनपैकी एक दिवस रविवार असावा, आणि उपवास करीत असाल तर एक उपवासाचा. १०० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट आणि तीन चमचे तूप अशा खिचडीचे सुमारे ६५० उष्मांक होतात. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही.

शेवटी वजनकाटा. महिन्यातून दोनदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, त्याच कपड्यांत वजन करा. तीन महिने वजन स्थिर असेल तर तुम्ही जेवढे खर्चता तेवढेच खाता, मग वहीत काहीही लिहिलेले असो. ६५ किलोचा, गादीवर बसणारा व्यापारी वजन स्थिर ठेवून "मी हजारच उष्मांक खातो" म्हणत असेल, तर हजार-अकराशे उष्मांक त्याच्या वहीबाहेर आहेत. गरीब माणसाचे जड पाणी म्हणजे हा काटा. अंगावर सूज असेल, किंवा हृदयाचा अथवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मात्र वजनावरून असा निष्कर्ष काढू नये.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा हिशेब विशेष काळजीने करावा. तुम्ही "दोन पोळ्या" सांगता. साखर तर वाढलेली दिसते. मग डॉक्टर औषधाचा डोस वाढवतो. हा वाढलेला डोस तुमच्या खऱ्या, दोन हजार उष्मांकांच्या खाण्याला पुरेसा असतो. पुढे श्रावणात कडक उपवास धरला, किंवा ताप-उलट्यांमुळे जेवण सुटले, किंवा ॲप पाहून एकदम १२०० वर आलात, की तोच डोस जास्त होतो. दरदरून घाम, हातपाय कापणे, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी ही रक्तातील साखर फार उतरल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी, आणि कमीच असेल तर पुन्हा द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावे. जेवण कमी करणार असाल तर आधी तीन दिवसांची वही आणि गोळ्यांची पाकिटे घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. वहीत चहासुद्धा लिहिलेला असावा.